अनामिकेचा ठसा

चांदीचा द्विफ्लोराइड कुणाशीच जमवून घेत नाही. पाण्याशी भांडतो, तेलाशी भांडतो, रबराशी, कागदाशी, माणसाच्या कातडीशी भांडतो. समोर उभं राहून कुणी नुसता सुस्कारा टाकला, तर त्यातल्या दमटपणाशीही भांडतो. दिसायला चहाच्या गाळासारखा काळपट-तपकिरी, पण स्वभाव असा. मालन चौगुले गेली एकवीस वर्षं त्याच्यासोबत काम करत होती, आणि तिच्या मते राज्य द्रव्यविज्ञान संस्थेत तिला भेटलेला सगळ्यात सरळ प्राणी तोच. जे काय असेल ते तोंडावर.

मालन तिथे तांत्रिक अधिकारी होती. म्हणजे शोध शास्त्रज्ञांनी लावायचा, आणि शोध लागेपर्यंत इमारत जागेवर राहील हे मालननं बघायचं.

फ्लोरिन हा वायू दुसऱ्याच्या ताटातला इलेक्ट्रॉन ओढून घेतल्याशिवाय जेवत नाही. चांदी तशी दिलदार. एक इलेक्ट्रॉन हसत देते. पण फ्लोरिननं फारच दाबलं तर तिला दुसराही द्यावा लागतो, आणि तो ती मनापासून देत नाही. त्या क्षणापासून ती टपून बसते. जो कुणी जवळ येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि परत आपली साधी, पांढरी, नवऱ्याला न जुमानणारी चांदी होऊन बसते. द्विफ्लोराइडची सगळी भांडणं एवढ्यासाठीच. त्याला माहेरी जायचं असतं.

अशा पदार्थाला ठेवायचं कशात, हा प्रश्न मालनचा. उत्तर तिनं स्वयंपाकघरातून आणलं होतं. बिडाचा नवा तवा तेल पाजून, तापवून, पुन्हा पाजून मुरवल्याशिवाय त्यावरून आंबोळी सुटत नाही. निकेलच्या नळ्यांचंही तसंच. त्यांना आधी थोडा थोडा फ्लोरिन पाजायचा. मग आतून फ्लोराइडचं पातळ कातडं धरतं, आणि पुढचं भांडण त्या कातड्यावर निभावतं. मुरवण तीन दिवसांची. दोन दिवसांत होत नाही, संचालकांनी फोन केला तरी होत नाही. ‘मुरवण पूर्ण’ या रकान्यात मालनची सही असल्याशिवाय फ्लोरिनची तोटी उघडायची नाही, असा नियम तिनं स्वतःच लिहून घेतला होता.

याच मुरवणीपायी तिचा भाऊ तिच्याशी एकोणीस वर्षं बोलला नव्हता.

भरमाण्णा चौगुले हुपरीत चांदीचा कारागीर. बाप कारागीर, आजा कारागीर. घरात पैंजणाचे जोड लावत मोठी झालेली मालन शिकली आणि ‘चांदी जाळायला’ निघून गेली, हे त्यानं एकवेळ गिळलं असतं. पण आई गेली तेव्हा मालनच्या नळ्यांची मुरवण चालू होती. अर्धवट सोडली असती तर पाळीवरची तीन माणसं गेली असती. ती एक दिवस उशिरा पोचली. भरमाण्णानं उंबऱ्यातच सांगितलं, “पायपाला पाजत बसलीस. आईला पाणी पाजाया आली न्हाईस. जा आता.”

ती गेली.

*

२०४३ च्या खंडेनवमीला ही गोष्ट सुरू होते.

संस्थेत खंडेनवमीला उपकरणांची पूजा होई, पण मालनच्या राज्यात फ्लोरिनच्या खोलीत हळद, कुंकू, झेंडू, उदबत्ती, नारळ यांतल्या कशालाच प्रवेश नव्हता. त्यामुळे अठरा वर्षं त्या विभागात आग विझवण्याच्या नळकांड्याची पूजा होत असे. लाल रंग आयताच होता. कुंकवाची बचत.

त्या वर्षी नवे संचालक आले होते, डॉ. प्रतापराव सरनोबत. त्यांच्याबरोबर छायाचित्रकारही होता.

“चौगुलेबाई, नळकांड्याची पूजा कसली करताय? लोक हसतील. आपली नवी पेटी आणा.”

नवी पेटी म्हणजे तळहातावर मावेल एवढी निकेलची डबी. आत नीलमण्याची पारदर्शक चकती, चकतीवर चार बारीक तारा. त्या चकतीवर द्विफ्लोराइडचा पातळ थर द्यायचा आणि वीज जाताना किती अडथळा होतो ते मोजायचं, असा प्रयोग होता. डबी अजून जुळवलेली नव्हती. चकती ताटलीत उघडी चमकत होती.

“साहेब, हिला नको. हिला हळद चालत नाही.”

“हळद कुणाला चालत नाही? जखमेला चालते.”

“ही जखम नाही. ही जखम करणारी आहे.”

“अहो, नंतर पुसा ना! बाहेरून लावलंत तर फोटोत काहीच दिसत नाही. चकतीला लावा, चमकेल.”

मालन नाही म्हणू शकली असती. एकवीस वर्षं ती दुसरं काहीच म्हणत नव्हती. पण समोर आरतीचं तबक होतं, तुपात कालवलेली हळद होती, आणि आईच्या हाताखाली ऐरणीला बोट लावायची जुनी सवय होती. तिनं अनामिका हळदीत बुडवली आणि नीलमण्यावर टेकवली. फोटो झकास आला.

नंतर तिनं चकती स्पिरिटनं तीनदा पुसली. डबी जुळवली. मुरवण सुरू केली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, सरनोबतांना पहिलं मोजमाप हवं होतं.

“दोन दिवस बाकी आहेत,” मालन म्हणाली.

“मुहूर्त बाकी नाही,” सरनोबत म्हणाले.

‘मुरवण पूर्ण, तीन दिवस’ या ओळीखाली मालननं सही केली. आयुष्यातली पहिली खोटी सही. तिला वाटलं, एक डबी तर आहे. फार तर फुकट जाईल.

*

फुकट गेली नाही. वीज त्या थरातून अशी गेली, जणू वाटेत काही नव्हतंच. अडथळा शून्य. यंत्राला त्याहून कमी मोजता येत नव्हतं.

तारेतून वीज नेताना तिचा काही भाग तार तापवण्यात वाया जातो. काही पदार्थ मात्र अतिशय थंड केले की हा अडथळा पार नाहीसा होतो. त्यांना अतिवाहक म्हणतात. पण थंड करायलाच एवढा खर्च की तारेपेक्षा बर्फ महाग. चांदीच्या द्विफ्लोराइडची आतली रचना अशा काही पदार्थांशी मिळतीजुळती, म्हणून जगभरचे लोक त्याच्या मागे लागले होते. आणि आता हुपरीपासून तासाभराच्या अंतरावरच्या संस्थेत, पंखा लावलेल्या खोलीत, शून्य आला होता.

अतिवाहकाची दुसरी खूण म्हणजे तो लोहचुंबकाला दूर लोटतो. ती चाचणी करू का, असं मालननं विचारलं. थर फार पातळ आहे, दिसणार नाही, असं सरनोबत म्हणाले. निबंध तीन परीक्षक यंत्रांनी अकरा मिनिटांत तपासला. तिघांनीही ‘अभिनंदन’ असं लिहिलं. चौथं यंत्र नव्हतं.

दिवाळीत सरकारनं ‘रौप्यपथ’ जाहीर केला, राज्यभर चांदीच्या फ्लोराइडच्या वीजवाहिन्या. त्या वर्षीपर्यंत यंत्रांच्या बुद्धीला एवढी वीज लागू लागली होती की माणसांच्या बुद्धीला दिवसाचे सहा तास अंधारात बसावं लागे. त्यामुळे रौप्यपथाचं नाव ऐकताच लोक पेटून उठले. चांदी हवी होती, आणि बाजारात ती पुरेशी नव्हती. घराघरांत होती. मग ‘रौप्यदान’ निघालं. पैंजण, वाळे, अत्तरदाण्या, देवघरातली निरांजनं, जावयांनी न वापरलेली ताटं, सगळं.

हुपरीतल्या रौप्यदानाचा प्रमुख भरमाण्णा चौगुले. तो संस्थेत आला, एकोणीस वर्षांनी. फाटकावरच्या पहारेकऱ्याला ऐटीत म्हणाला, “आमच्या मालनला बोलवा.”

मालन आली.

“जाड झालीयास,” भरमाण्णा म्हणाला.

“तू टकला झालायस, आण्णा.”

“लेकी-सुनांच्या पायातली चांदी काढून आणतोय. तुज्या नावावर देत्यात. चौगुल्याच्या मालननं शोध लावलाय म्हणत्यात.”

“शोध साहेबांनी लावला.”

“गप. साहेब कोण हाय ते गावाला ठावं न्हाई.” त्यानं पिशवीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आईचे पायातले तोडे. साठ तोळ्यांचे, बापानं स्वतः घडवलेले. “पहिल्या भट्टीत हे जायचं. आई तुज्या कामाला आली म्हणंल.”

मालननं तोड्यांना हात लावला नाही. एकोणीस वर्षांत कमावलेला सगळा कोरडेपणा तिला तेवढ्यात वापरावा लागला.

*

दुसरी डबी चालली नाही. तिसरीही नाही. चौथीत तर अडथळा इतका आला की सरनोबतांनी यंत्र बदलायला लावलं.

“तुमच्या हाताचा गुण गेला, चौगुलेबाई. मुरवणीत काहीतरी कमी पडतंय.”

“मुरवण या वेळी पूर्ण तीन दिवसांची आहे.”

“मग मागच्या वेळी किती दिवसांची होती?” बोलून गेल्यावर सरनोबतांना उत्तर आठवलं आणि त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

मालननं पहिली डबी काढली. कोरड्या वायूच्या पेटीत हात घालून, जाड हातमोज्यांतून, ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. डबीचं झाकणही नीलमण्याचं, त्यामुळे न उघडता आतलं दिसत होतं. काळपट थराच्या मधोमध एक अंडाकृती डाग होता. पांढरा, लखलखीत. तिनं भिंग फिरवून जवळ घेतलं. डागात रेषा होत्या. वळणदार, एकात एक, नांगरलेल्या शेतासारख्या. आणि त्या सगळ्या रेषांना आडवी कापत जाणारी एक तिरकी फट.

मालननं हातमोज्यातला हात बाहेर काढला आणि आपली अनामिका बघितली.

तिला सगळं एकदम कळलं. यात कळायला फारसं काही नव्हतं, हेच वाईट होतं. स्पिरिटनं हळद पुसली जाते. बोटाच्या रेघांतून उतरलेलं तूप पुरतं जात नाही. भडका उडावा एवढं ते नव्हतं. एक दिवसाच्या मुरवणीनं ते जाळून टाकलं नाही. मग द्विफ्लोराइड आला, त्याला तुपात आणि उरल्यासुरल्या हळदीत हवे ते इलेक्ट्रॉन सापडले, आणि तो माहेरी गेला. जिथं जिथं तिच्या बोटाची रेघ, तिथं तिथं साधी चांदी. चारही तारा त्या ठशाला टेकलेल्या. चांदीतून वीज सुरेख जाते, हे हुपरीतल्या कुठल्याही पोरीला सांगता आलं असतं. शून्य आला तो यंत्राचा दम तिथं संपला म्हणून.

*

मालननं सूक्ष्मदर्शकातून घेतलेलं ठशाचं छायाचित्र सरनोबतांनी बघितलं. मग म्हणाले, “म्हणजे हळदीचा सहभाग आहे.”

“सहभाग नाही साहेब. हळदीनं पदार्थ मारला. उरली ती चांदी.”

“तुम्ही नकारात्मक बघताय. दुसऱ्या-तिसऱ्या डबीत आपण हळद घातलीच नाही! प्रक्रियेत एक पायरी सुटली.” त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. “मोठ्या भट्टीला हळद लावू. पारंपरिक ज्ञान म्हणून वेगळा निबंध होईल.”

“चौदा टन चांदी फ्लोरिनमध्ये घालून, वर हळद लावून, परत चांदी करायची?”

“आवाज खाली.”

“लोकांनी देवघरातली निरांजनं दिलीत.”

“आणि ठसा कुणाच्या बोटाचा आहे?” सरनोबत अगदी मऊपणे म्हणाले. “खोटी सही कुणाची आहे? मी फोटोत आहे, बाई. तुम्ही नोंदवहीत आहात.”

मालननं छायाचित्र उचललं. “आता मीही फोटोत आहे,” ती म्हणाली.

*

ती हुपरीला गेली. भरमाण्णा ऐरणीसमोर बसला होता. कारखान्यात काम नव्हतं. गावातली सगळी चांदी दान झाली होती. तो रिकाम्या ऐरणीवर हातोडी टेकवून बसला होता, मोठ्या समाधानानं.

“हे बघ,” म्हणून तिनं छायाचित्र पुढं केलं. संस्थेत ती ‘मी आले’ म्हणे. हुपरीच्या बायांसारखं भावासमोर ‘मी आलो’. “दाखवाया आलोय.”

भरमाण्णानं डोळ्याला भिंग लावलं. “चांदी हाय ही.”

“व्हय.”

“आटवलेली न्हवं. बसलेली. झ्याक हाय.” त्यानं मान तिरकी केली. “मग?”

“मग काय न्हाई. साधी चांदी. शोध-बिध कायबी न्हाई.”

तो हसला. मग हसता हसता थांबला. भिंग पुन्हा डोळ्याला गेलं. त्या तिरक्या फटीवर ते बराच वेळ थांबलं. मालन नऊ वर्षांची असताना त्यानं तापलेली तार चिमट्यातून सोडली होती आणि ती तिच्या बोटावर पडली होती. बापानं त्याला फोडून काढलं होतं. चट्टा राहिला तो राहिलाच.

“हे तुजं बोट,” भरमाण्णा म्हणाला.

“व्हय. हळदीचं.”

“कुणाकुणाला ठावं हाय?”

“साहेबाला. आता तुला.”

“मग गप ऱ्हा.” त्यानं छायाचित्र उपडं ठेवलं. “चार हजार घरांत गेलोय मी. म्हातारीच्या पायातलं वाळं साबण लावून काढलंय. त्यांस्नी काय सांगू? आमच्या मालनचं बोट लागलं म्हणून?”

“परवा भट्टी लागंल, आण्णा. एकदा फ्लोरिन सोडला की कुणाचं निरांजन कुणाचं, ओळखाया येणार न्हाई. आईचं तोडंबी जातील.”

“जाऊ देत. आई एकदा गेलीया.” तो उठला. “सांगितलंस तर ह्यो उंबरा पुन्यांदा चढू नगंस.”

“एकोणीस वर्सं कुठं चढत होतो?” मालन म्हणाली, आणि उतरली.

*

समारंभाला मांडव होता, हुपरीहून आलेल्या पंचवीस बसगाड्या होत्या, आणि केंद्राच्या समितीकडून आलेल्या वसईच्या डॉ. ब्रिजिट लोपीस होत्या. त्यांना भाषण करायचं नव्हतं. त्यांना फक्त कागद हवे होते. व्यासपीठामागे मोठी भट्टी, भट्टीसमोर तबक, तबकात हळद-कुंकू आणि आईचे तोडे. पहिल्या रांगेत फेटा बांधलेला भरमाण्णा.

“मुरवणीचं प्रमाणपत्र आणि नमुन्याचं ओळखपत्र,” डॉ. लोपीस म्हणाल्या. “मग तोटी उघडा.”

“बाई, सही करा,” सरनोबत म्हणाले. चेहरा छायाचित्रकाराकडं.

मालननं ओळखपत्र घेतलं आणि उभ्या उभ्या भरलं. नमुन्यात आढळलेला पदार्थ: चांदी. अशुद्धी: हळद, तूप. मुरवण: एक दिवस, तीन लिहिले ते खोटे. नमुना हाताळणारी व्यक्ती, या ओळीपुढं तिनं सही केली. मग तबकातल्या कुंकवात अनामिका बुडवून कागदावर दाबली, आणि सूक्ष्मदर्शकाचं छायाचित्र शेजारी ठेवलं.

डॉ. लोपीसांनी एक बघितलं. मग दुसरं बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि दोन्ही पुन्हा बघितली.

“बाईंची तब्येत बरी नाही,” सरनोबत म्हणाले. “ठसे काय, सगळ्यांचे सारखेच दिसतात.”

“हा चट्टा सगळ्यांना नसतो,” डॉ. लोपीस म्हणाल्या. “कशाचा आहे?”

“तापल्या तारेचा. लहानपणचा.”

“कुणी सांगू शकेल?”

मालननं मांडवाकडं बघितलं नाही. बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ध्वनिक्षेपक चालू राहिला होता, त्यामुळे प्रश्न पंचवीस बसगाड्यांनी ऐकला होता.

पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. भरमाण्णा पायऱ्या चढून वर आला. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं आणि एकटं पडून थांबलं. त्यानं दोन्ही कागद हातात घेतले. खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं, काढलं.

“चट्टा माज्या हातनं झालाय,” तो म्हणाला. “आणि चांदी मला कळती. ही चांदीच हाय. दुसरं कायबी न्हाई.”

मग त्यानं तबकातले तोडे उचलले, धोतराच्या सोग्यानं त्यांवरचं कुंकू पुसलं, आणि मालनच्या अगदी जवळून, तिच्याकडं न बघता, खाली उतरून गेला. फेटा त्यानं तिसऱ्या पायरीवरच काढला होता.

*

चांदी परत गेली. आटलेली नव्हती, म्हणून ज्याची त्याला मिळाली. तरी आपलं निरांजन जास्त जड होतं अशा सातशे तक्रारी आल्या. आभार एकाचेही आले नाहीत. मालनच्या खोलीच्या काचा दोनदा फुटल्या. तिच्यावर खोट्या सहीची चौकशी लागली, आणि ती योग्यच आहे असं तिनं लेखी कळवलं, त्यामुळे चौकशी समितीला काय करावं सुचेना. सरनोबत बढतीवर दुसऱ्या संस्थेत गेले. तिथं ते हळदीवर काम करतात.

पुढच्या खंडेनवमीला विभागात पुन्हा नळकांड्याची पूजा झाली. मालन निलंबित होती. घरी ती नवा बिडाचा तवा मुरवत बसली होती, तेव्हा हुपरीचा एक ओळखीचा चालक दारात पुडकं देऊन गेला. पुडक्यात आईचे तोडे होते, उजळून लख्ख केलेले. चिठ्ठी नव्हती. फक्त कागदाच्या एका कपट्यावर भरमाण्णाच्या वाकड्या अक्षरात चार शब्द होते.

‘हळदीचं बोट लावू नगंस.’

मालननं हात साबणानं धुतले. तीनदा धुतले. मग तोडे पायात घातले आणि तव्याला आणखी थोडं तेल पाजलं.